चौथा सड

घोडेगावचा जनावरांचा बाजार शुक्रवारी भरतो. नगर-संभाजीनगर रस्त्याने जाणाऱ्याला तो दिसायच्या आधी ऐकू येतो. म्हशी धुऊन, शिंगांना तेल चोपडून रांगेने उभ्या असतात. हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, कास चाचपतात, दात बघतात, चार पावले चालवून पाहतात. भावाची वेळ आली की दोघांचे हात एका उपरण्याखाली जातात आणि आकडा बोटांवर ठरतो, शेजारच्याला त्याचा पत्ता लागत नाही. एक प्रश्न मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला जातो. "खाली काय?"

खाली म्हणजे म्हशीखाली. वगार, म्हणजे मादी, असेल तर विकणाऱ्याचा आवाज चढतो. रेडकू, म्हणजे नर, असेल तर तो लगेच म्हशीच्या दुधावर बोलू लागतो. रेडकू तिथेच असते, पंधरा दिवसांचे, गुडघे अजून नीट सरळ न झालेले, दाव्याची गाठ चघळत उभे. त्याला दिवसाला निदान तीन लिटर दूध लागते, आणि तीन लिटर म्हशीचे दूध म्हणजे डेअरीच्या पावतीवरचे शंभराच्या वर रुपये. वगार तीन वर्षांनी ते पैसे फेडेल, रेडकू फेडणार नाही. तरी त्याला कुणी मारत नाही, फक्त आईचा पान्हा फुटेपर्यंत लावतात आणि ओढून बाजूला बांधतात. महिना-दीड महिन्यात ते जाते. मग कातड्यात पेंढा भरून भोत करतात, ते म्हशीपुढे उभे करतात, म्हैस ते चाटते आणि दूध सोडते.

हे मी दुसऱ्यांच्या गोठ्याबद्दल सांगत नाही. भोत आमच्याही घरी होते. आजी धार काढायला बसली की तीन सड पिळायची आणि चौथा वासरासाठी सोडायची. वगार असली तर घरात कुणी काही बोलत नसे. रेडकू असले की वडील ओट्यावरून विचारत, "चौथा पिळला का?" आणि आजी ऐकू न आल्यासारखे करी. कधी पिळलेला असे, कधी नसे. ते त्या आठवड्याच्या वाणसामानाच्या उधारीवर अवलंबून असे.

घोडेगावपासून नेवासा काही फार लांब नाही. प्रवरेच्या काठी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरची टीका सांगितली तो पैस तिथे आहे, आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली हे इथले पोरही सांगेल. पण परंपरा असेही सांगते की पैठणहून निघालेल्या त्या चार भावंडांबरोबर एक रेडा होता. ज्याच्या पाठीवर आसूड बसला आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले, ज्याच्या तोंडून वेद निघाले, तोच हा रेडा. पुढे जुन्नर तालुक्यात आळे इथे त्याने देह ठेवला. तिथे त्याची समाधी आहे आणि लोक नारळ वाहतात. म्हणजे रेड्याला देवत्व देणारा मुलूख आपलाच, आणि "खाली काय?" विचारणाराही आपलाच. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला त्यातल्या एकीने दुसरीला खोटे पाडायचे नाही.

ही प्रस्तावना जिच्यासाठी आहे त्या पुस्तिकेचे बाड घेऊन दोन तरुण कार्यकर्ते घरी आले तेव्हा म्हणाले, "सर, जनावरांच्या सेवेवर आहे, भूतदयेवर तुमचे चार शब्द द्या." मी म्हटले, भूतदयेवर माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही, कडब्याच्या भावावर मात्र बरेच आहे. ते हसले, पण बाड ठेवून गेले. वाचल्यावर कळले की त्यांनाही तेच सांगायचे होते. तालुक्याच्या ठिकाणी जनावरांसाठी संस्था काढायची तर तिने गावासाठी नेमके काय करायचे आणि त्याचा पैसा कुठून आणायचा, एवढाच या पानांचा विषय आहे. त्यातला दुसरा भाग आपल्याकडे कुणी लिहीत नाही. दान मागणे आपल्याला येते. दान कशाला पुरते आणि कशाला पुरत नाही, हे लिहायची मात्र लाज वाटते.

ही लाज जुन्या लोकांना नव्हती. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद पडली, दंगल झाली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. दंगल सगळ्यांना आठवते. मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते : पांजरपोळ चालावे म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लागा बसवून घेतला. व्यापार चालला की त्यातला थोडा भाग जनावरांच्या गव्हाणीत पडणार. कुणाला गहिवर आला काय, न आला काय, चारा येत राहिला. १८७४ मध्ये प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था मुंबईत निघाली, पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले, आणि १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालयही त्याच आवारात सुरू झाले. छळ रोखण्यापासून निघालेले काम बारा वर्षांत डॉक्टर घडवण्यापर्यंत गेले.

आपल्या बाजारपेठांतही या लाग्याची धाकटी भावंडे होती. आडतीच्या पट्टीवर 'धर्मादाय' म्हणून कापलेले काही पैसे, किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारची गोरक्षणाची पेटी, संक्रांतीला सोडलेला हिरव्या चाऱ्याचा भारा. पट्टीवरचा धर्मादाय दरवेळी गव्हाणीतच पोचायचा असे मी म्हणणार नाही. पण पद्धत म्हणून ती शहाणपणाची होती, कारण जनावर रोज खाते.

रोज खाते म्हणजे किती, हे एकदा मांडून बघावे. मोठ्या जनावराला दिवसाला वीस किलो हिरवा चारा आणि पाचेक किलो वाळला, असा ढोबळ हिशेब धरतात. शंभर जनावरांची गोशाळा काढली की रोज सकाळी दोन टन हिरवे आणि अर्धा टन कडबा दारात उभा पाहिजे. वर्षाचे सातशे टनांच्या वर नुसते हिरवे. गोशाळेच्या उद्घाटनाला मंडप, पाहुणे, फेटे सगळे असते. मी अशा प्रसंगी चाऱ्याची गंजी कुठे आहे ते शोधतो. ती दिसली नाही तर जेवायला थांबत नाही.

नेवाशाला मुळा धरणाचा कालवा आहे, ऊस आहे, त्यामुळे गळिताच्या हंगामात वाढ्यांची ददात नसते. शेजारच्या पाथर्डी, कर्जत, जामखेडचे तसे नाही. २०१८-१९ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या. मोठ्या जनावरामागे सरकार दिवसाला ९० रुपये देत होते, पुढे ते १०० झाले. लहान जनावराला त्याच्या निम्मे. चालवणाऱ्यांत सहकारी संस्था होत्या, देवस्थाने होती, मंडळे होती. बिल मंजूर होईपर्यंत उसनवारीने चारा आणायचा, ही प्रत्येकाची रड. पण छावणीत मी पाहिलेली गोष्ट हिशेबाच्या वहीत नव्हती. जनावरांबरोबर माणसेही तिथेच राहायला आली होती. ताडपत्रीच्या सावलीत चूल, बाजेला बांधलेली झोळी, आणि दावणीजवळच दहावीची पुस्तके. कुठे संध्याकाळी हरिपाठ होई. घरी टँकरची वाट बघण्यापेक्षा इथे बरे, असे एक बाई म्हणाल्या. जनावरांसाठी उघडलेल्या त्या जागेने माणसांचे घर सांभाळले. या पुस्तिकेतला 'सेवा' हा शब्द मी त्या अर्थाने वाचतो. गोठ्यातले जनावर वाचले की त्या घरातल्या मुलीची फी वाचते. संस्थेने हे उघड बोलावे, त्यात भूतदयेचा अपमान नाही.

आता जरा अवघड भाग. पैसा कोणत्या जनावराकडे वाहतो?

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्याने देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हटले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला पन्नास रुपये अनुदान ठरवले. या निर्णयांवर ज्याने त्याने आपले मत ठेवावे. मला गोठ्यातून दिसते ते असे. आपल्या भागातली दावण बहुतेक संकरित गाईंची आहे. त्या गाईला झालेला गोऱ्हा औताला चालत नाही, कारण त्याला वशिंड नाही आणि ऊन सोसत नाही. विकायला वाट नाही आणि ठेवायला चारा नाही. रात्री कुणीतरी त्याला फाट्यावर सोडून जाते. देशी गाईच्या अनुदानात तो बसत नाही. म्हैस आणि रेडा तर या चर्चेत कुठेच येत नाहीत, घोडेगावची रांग मात्र म्हशींचीच असते.

आणि गाढव? पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, त्याची बातमी दरवर्षी गमतीच्या सदरात छापून येते. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमधल्या काळात देशातली गाढवे सुमारे ६१ टक्क्यांनी घटली. ही बातमी त्या गमतीच्या सदरात बसण्यासारखी नव्हती. गाढवासाठी कुणी पेटी ठेवत नाही. वीटभट्टीवरच्या गाढवाच्या पाठीवरची जखम धुणारी संस्था पाहिली की मला तिचा ताळेबंद न बघताच दहा रुपये द्यावेसे वाटतात. हा माझा पक्षपात आहे, तो लपवत नाही.

बैलांचे काम त्या मानाने समजायला सोपे आहे, आणि नेवाशात त्याची सर्वांत जास्त गरज ऑक्टोबर ते एप्रिल. कारखान्यांची धुराडी पेटली की बीड-पाथर्डीकडची ऊसतोड कुटुंबे बैलगाड्या घेऊन उतरतात. गाडीला टायर असतात, रस्ता डांबरी असतो, आणि मोळ्या खांद्याला झेपतील तेवढ्याच भरल्या तर उचल फिटत नाही. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक जुंपता येत नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपायचेच नाही. पराणीला आर लावणेही त्याच नियमांत बंद आहे. मार्चमधल्या दुपारी दोन वाजता कुठल्याही उसाच्या रस्त्यावर उभे राहावे आणि हे नियम मनातल्या मनात म्हणावेत. पण गाडीवानाला दोष देऊन बैलाचा खांदा बरा होत नाही, कारण गाडीवानाचाही खांदा तसाच आहे.

सांगलीतून २००३ साली काम सुरू केलेल्या ॲनिमल राहतने हे ओळखले. सांगली, सातारा, सोलापूरच्या साखरपट्ट्यात त्यांचे डॉक्टर गाड्यांच्या तळावर जातात, खांदे, खुरे, वेसणीच्या जखमा बघतात, आर काढून घेतात, म्हाताऱ्या बैलांना निवृत्त करून घेतात, आणि बैलगाडीऐवजी ट्रॅक्टर यावा यासाठी मालकाच्या पोटापाण्याचाही विचार करतात. पहिल्या दिवशी कायद्याचे पुस्तक न काढता मलमाची डबी काढली, म्हणून तळावर त्यांना कुणी हाकलले नसावे असा माझा अंदाज. आपल्या तालुक्यात एवढे मोठे काम एका वर्षात होणार नाही. पण एक पाण्याचा हौद, एक नालबंद आणि आठवड्यातून एक दिवस येणारा डॉक्टर, एवढ्यावर हंगाम काढता येतो. डांबरावर चालणाऱ्या बैलाची पत्री वेळेवर बदलली तर निम्मे लंगडणे थांबते, हे कुठल्याही म्हाताऱ्या गाडीवानाला विचारा.

अशा संस्थेने करायच्या कामांची यादी पुढे पुस्तिकेत सविस्तर आहे, मी तिच्यातले दोनच मुद्दे उचलतो. पहिला किराळीचा. पावसाने ताण दिला की ज्वारीचे कोवळे पोंगे विषारी होतात. भुकेले जनावर त्यात शिरले की तासाभरात आडवे होते. औषध आहे, पण वेळेत शिरेतून गेले पाहिजे. गावागावांत एक फलक आणि एक फोन नंबर, याला किती खर्च येतो? यातून जेवढी जनावरे वाचतील तेवढी लाखोंच्या गोशाळेतही वाचणार नाहीत, आणि त्यातल्या एकाचाही फोटो निघणार नाही. दुसरा मुद्दा २०२२ च्या लम्पीचा. ऑगस्टमध्ये जळगावकडे सुरुवात झाली, मग बाजार बंद, वाहतूक बंद. सरकारने मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये जाहीर केले. पण पैसे मिळायला पंचनामा लागतो, पंचनाम्याला डॉक्टर लागतो, आणि डॉक्टर एकाच वेळी चौदा गावांत असू शकत नाही. त्या दिवसांत गावोगावच्या पोरांनी काय केले? कुणी अर्ज भरून दिले, कुणी गोठ्यात निंबाच्या पाल्याचा धूर केला, कुणी मेलेल्या जनावरासाठी खड्डा खोदून चुना टाकला. गावाला ती पोरे लक्षात राहिली, कोणत्या संस्थेची होती ते नाही.

कुत्र्यांचा प्रश्न आता नगरपंचायतीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळीकडे आहे, मी त्यावर थोडेच बोलतो. गोव्यात मिशन रेबीजने सरकारबरोबर काम केले, कुत्र्यांना सामूहिक लस टोचली आणि शाळाशाळांतून मुलांना शिकवले. तिथे कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी खाली आला, आणि माणसांचे बळी काही वर्षे शून्यावर राहिले. आपल्याकडे एकाच वस्तीत कुत्र्याला भाकरी घालणारे आणि काठी घालणारे असे दोन पक्ष आहेत. लस टोचणारा तिसरा पक्ष निघाला तर दोघांचेही भले होईल. राहिला उसातला बिबट्या. त्याचे काम वनखात्याचे. उसातली पिल्ले दिसली तर उचलून घरी आणू नका, जागेवरच राहू द्या, आई रात्री येते. एवढे एक वाक्य दर हंगामाला तोडणीच्या टोळ्यांना सांगणे, हीसुद्धा सेवाच आहे.

आता पैसे. हल्ली पैसे मोबाईलवर मागतात. रक्ताळलेले वासरू, खाली क्यूआर कोड, वर करुण संगीत. मीही एकदा असाच पाघळलो. एका संस्थेला एका कालवडीच्या ऑपरेशनसाठी पैसे पाठवले. पुढच्या वर्षी त्याच कालवडीचा तोच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा आला. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण कदाचित चूक असेल, आणि कदाचित नसेल. तेव्हापासून मी फोटोला पैसे देत नाही, फळ्याला देतो. फळा म्हणजे गोशाळेच्या दारातला खडूने लिहिलेला फळा : काल किती जनावरे होती, आज किती आली, किती दिली, किती मेली. शेवटचा रकाना कोरा ठेवणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास बसत नाही. म्हातारी, जखमी, प्लास्टिकने पोट भरलेली जनावरे घेणार आणि एकही मरणार नाही, असे कसे होईल?

कागदांचे नियमही पुस्तिकेत आहेत. ते कंटाळवाणे आहेत, म्हणून नीट वाचावेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, धर्मादाय कार्यालयात दरवर्षीचे हिशेब, देणगीदाराला आयकरात सवलत. दोन हजारांवरची देणगी रोख दिली तर ती सवलत मिळत नाही, हे अजूनही पुष्कळ दानशूर मंडळींना पावती फाडल्यावर कळते. २०१३ च्या कंपनी कायद्यात कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या यादीत प्राणिकल्याण आहे. कंपनीचा पैसा शेड बांधायला मिळतो, दवाखान्याची गाडी घ्यायला मिळतो. चाऱ्याला सहसा मिळत नाही, कारण गंजीवर नावाची पाटी लावता येत नाही. चारा गावाकडूनच यावा लागतो. सप्ताहाच्या पंगतीसाठी जसे गाव घरटी पोळ्या वाटून घेते, तसे वाढ्यांचे भारे वाटून घेतले तर दोन महिने निघतात, असा अनुभव या पानांत एका ठिकाणी आला आहे. ते प्रकरण आधी वाचावे.

रेडकाचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. दिवसाला तीन लिटर, नव्वद दिवस, म्हणजे दोनशे सत्तर लिटर. पन्नास रुपयांनी धरले तर साडेतेरा हजार. एवढे पैसे एका रेडकामागे उभे केले तर ते तीन महिन्यांचे होईल, चारा खाईल. पुढे? पुढे त्याला घेणारा बहुधा खाटीकच असेल, आणि देणगीदाराला हे आधी सांगितले तर तो देणगी देईल का, मला शंका आहे. दुसरी वाट आता रेतनाच्या नळीतून आली आहे. सेक्स्ड सीमेन वापरले की शंभरातल्या नव्वद वेळा वगारच होते. म्हणजे रेडकाला जन्मालाच न घालून त्याचा छळ थांबवायचा. कार्यकर्त्यांपैकी एकाला मी हे म्हटले तर तो गप्प बसला, मग म्हणाला, "सर, उरलेल्या दहांचं काय?" त्याने विचारले हे मला आवडले. उत्तर पुस्तिकेत नाही, माझ्याकडेही नाही.

परवा शुक्रवारी मुद्दाम घोडेगावला गेलो होतो. एका म्हशीखाली रेडकू होते, चांगले टरारलेले, पोट भरलेले, अंगावर तुकतुकी. मालकीण सोबत होती, वयस्क बाई, डोक्यावरचा पदर सावरत दाव्याला धरून उभी. हेड्याने विचारले, "खाली काय?" ती म्हणाली, "रेडकूच हाय. पर चारी सडांची म्हणून भाव लावू नका, तीन धरा." हेडी हसला, उपरणे पुढे केले. तिने हात आत घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.